तिला सगळे कुरूप म्हणतात

आमच्या घरमालकांनी माझं तोंड नीट पाहिलं ते आम्ही त्यांच्या घरात राहायला आल्यावर दीडेक वर्षानं. पाय मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी पाहून ठेवले होते. सामानाची हातगाडी फाटकात उभी, आई पितळेची कळशी कडेवर घेऊन "ही कुठे ठेवू?" म्हणून विचारतेय, आणि हे गृहस्थ पडवीतल्या खुर्चीतून माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "उजवा. वीसच्या पुढे असणार." वडिलांना वाटलं, घराचा नंबर सांगताहेत. त्यांनी तो खिशातल्या डायरीत लिहूनही घेतला.

घर पार्ल्याला होतं, स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर. वारा त्या बाजूचा असला की बिस्किटांचा वास फुकट मिळायचा. पुढच्या दोन खोल्यांत ते एकटे, मागच्या दोनांत आम्ही तिघं, म्हणजे आई, वडील आणि मी. स्वराज्य येऊन सहा-सात वर्षं झाली होती आणि मी फोर्टातल्या एका कचेरीत टायपिस्ट होते. मालक जन्मभर शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेले, म्हणून सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. निरोपाच्या दिवशी शाळेनं त्यांना शाल आणि नारळ दिला. फळ्यावर वापरायचा लाकडी कोनमापक त्यांनी आपणहून घेतला. शाळेत तो बरेच दिवस शोधत होते म्हणे.

जन्मभर त्रिकोणांचे कोन मोजले, पण त्रिकोण कधी कुरकुरत नाहीत आणि कधी सुधारतही नाहीत. त्यामुळे निवृत्तीनंतर मास्तरांनी माणसांचे अंगठे धरले. लोक थोरामोठ्यांचे पाय धरतात ते काहीतरी पदरात पडावं म्हणून. मास्तर लहानथोर कुणाचेही धरायचे, आणि मागायचे काय, तर "जरा सरळ ठेवा, हलू नका." आलेल्या माणसाला इतर लोक "बसा" म्हणतात, मास्तर "ठेवा" म्हणायचे. समोर एक बुटका पाट असायचा, पाटावर जुन्या उत्तरपत्रिकेचा कोरा कागद. त्यावर पाय ठेवायचा, मास्तर पेन्सिलीनं भोवती रेघ मारणार, कोनमापक लावणार, आणि अंगठा आपल्या शेजाऱ्यावर किती अंशांनी कलला आहे ते जाहीर करणार. पंधरापर्यंत माफ. वीसच्या पुढे व्याख्यान. पोस्टमन पत्रं फाटकावरूनच फेकायला लागला होता तो काही उगाच नाही.

पाय मिळाला नाही तर त्यांना चपलाही चालायच्या. आमच्याकडे पाहुणे आले की चपला पडवीत काढत, आणि आत चहा होईपर्यंत मास्तर काठीच्या टोकानं त्या उलट्या करून वाचत बसलेले असत. माझ्या मावशीच्या यजमानांना त्यांनी निघताना विचारलं होतं, "तुम्ही डाव्या पायावर रेलून उभे राहता. कर्ज काढलंय का?" कर्ज काढलेलं होतं, पण ते मावशीला माहीत नव्हतं. त्यानंतर मावशी आमच्याकडे एकटीच यायची.

"माणूस तोंडानं खोटं बोलतो," मास्तर म्हणायचे, "चपलेला ते जमत नाही." स्वतः ते पुढून इतक्या रुंद चपला शिवून घेत की गल्लीतली पोरं त्यांना होड्या म्हणत. लग्न त्यांनी केलं नव्हतं. पायांची पत्रिका कुठे जुळली नाही, अशी गल्लीत वदंता होती, आणि एकदा ज्यानं त्यांना कुणाच्या लग्नात पाहिलं त्याचा त्या वदंतेवर सहज विश्वास बसे. शेजारच्या मुलीची सप्तपदी चालली होती. भटजी मंत्र म्हणताहेत, मुलगी तांदळाच्या राशींवर एकेक पाऊल टाकतेय, आणि पाचव्या पावलाला तिनं ओठ चावला. सगळ्यांना वाटलं, माहेर सुटण्याचं दुःख. मास्तर दुसऱ्या रांगेतून मोठ्यांदा म्हणाले, "डावा अंगठा! सांधा सुजलाय तिचा." मुलीच्या बापानं पुढे दोन वर्षं त्यांना ओळख दाखवली नाही. सांधा सुजलेलाच होता.

आता माझ्या पायाकडे येते. कचेरीत जायचं म्हणून मी फोर्टातून पुढून निमुळते, मागून टाचेचे सँडल घेतले होते. चांगले दिसायचे. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, आतल्या बाजूला, हाडाचा एक उंचवटा होता तो त्यात संध्याकाळपर्यंत लालबुंद व्हायचा, आणि स्टेशनावरून घरी येताना मी शेवटचा फर्लांग भिंतीला हात लावत यायची. आईनं पाहिलं आणि निदान केलं, "कुरूप झालंय." समोरच्या काकूंनी दुजोरा दिला. भाजीवाली म्हणाली, कुरूपच. आपल्याकडे तीन बायकांचं एकमत झालं की डॉक्टरची गरज उरत नाही.

तरी मी एका डॉक्टरांकडे गेले. ते नुकतेच विलायतेहून आले होते आणि अजून मराठीत सरावले नव्हते. त्यांनी अंगठा इकडेतिकडे वळवून पाहिला आणि म्हणाले, "हे बनियन आहे." मी घरी येऊन तसंच सांगितलं. वडील नुकतेच दादरहून दोन घेऊन आले होते, त्यातलं एक त्यांच्या अंगात होतं. ते आपल्या छातीकडे बघत म्हणाले, "आणि ते पायात कसं गेलं?" डॉक्टर म्हणाले होते की अशा गाठीला इंग्रजीत तसं म्हणतात, हे कुरूप नाही, हाड आहे, कापू नका, रुंद पादत्राण घाला, अगदीच असह्य झालं तर मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रिया करता येईल. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "ज्याला मराठीत नाव नाही तो रोग आपल्याला कशाला होईल?"

हा मुद्दा मास्तरांच्या फार जिव्हारी लागला. तेव्हा सगळीकडे इंग्रजी शब्दांना मराठी प्रतिशब्द काढायची लाट होती. मास्तरांनी दोन दिवस खपून काढला, "अंगुष्ठकोनच्युती". आईनं तो एकदा म्हणून पाहिला आणि म्हणाली, "एवढं म्हणेपर्यंत कुरूप कापूनसुद्धा होईल."

"अहो, कुरूप कातडीचं असतं!" मास्तर पाटावर हात आपटत म्हणाले. "तळव्याला नाहीतर बोटाच्या माथ्यावर. मध्ये खिळ्यासारखी कडक गाठ, वरून दाबलं की कळ जाते. हे बघा, हे कातडीत आहे का? हा सांधा बाहेर आलाय आणि अंगठा आत कललाय. बावीस अंश! कातडी कापून कोन कसा कमी होईल? भिंत कलली म्हणून कुणी रंग खरवडतं का?"

"मग यावर औषध काय?" मी विचारलं.

"हाड जागेवर जाणार नाही. खोटं कशाला सांगू? वाढायचं मात्र कमी होतं. आधी ते सँडल विहिरीत टाक. अंगठा नि शेजारचं बोट यांच्यात कापसाची मऊ गुंडाळी ठेव. घरी आलीस की मिठाच्या कोमट पाण्यात पाय. आणि रोज वीस चिंचोके जमिनीवर टाकून पायाच्या बोटांनी उचलायचे."

मी महिनाभर चिंचोके उचलले. कचेरीतल्या मैत्रिणी संध्याकाळी सिनेमाला जायच्या आणि मी घरी बसून पायाच्या बोटांनी चिंचोके वेचायची. सँडल मात्र टाकले नाहीत, कपाटावर ठेवले. मास्तरांनी कोपऱ्यावरच्या चपला शिवणाऱ्याकडून माझ्यासाठी एक लहान होडी करवून घेतली. त्या चपला घालून मी फोर्टात गेले तेव्हा हेडक्लार्कनं विचारलं, आज समुद्रमार्गे आलात का. पण भिंतीला हात न लावता घरी यायला लागले हे कबूल केलं पाहिजे. त्यांच्यासमोर मी ते कधीच कबूल केलं नाही.

अशात मला मुलुंडचं एक स्थळ सांगून आलं. मुलगा इंजिनिअर, घर स्वतःचं, दुमजली, एकत्र कुटुंब. फोटो आला. मी तो आईसमोर दोनदा पाहिला आणि आई बाहेर गेल्यावर आणखी काही वेळा. मला तो आवडला होता, सरळ सांगते. अडचण एकच होती. सून पसंत करताना त्या घरात शब्द चालायचा तो मुलाच्या आत्याचा, आणि ही आत्याबाई मुलीला चालून दाखवायला लावते अशी तिची कीर्ती होती. नुसत्या चालीवरून तिनं म्हणे तीन मुली नाकारल्या होत्या.

आईची झोप उडाली. पाहण्याचा कार्यक्रम महिन्यावर आला होता. आधी तिनं माझ्या पायावर बिब्बा घातला. कातडी भाजली, द्राक्षाएवढा फोड आला, हाड जिथल्या तिथे. पुढे कैक वर्षं आई सांगायची की मास्तरांनी माझ्या लग्नात बिब्बा घातला. खरा बिब्बा कुणी घातला ते माझ्या पायाला ठाऊक आहे. मला कचेरीतून रजा घ्यावी लागली आणि आईनं पुढचा बेत केला. स्टेशनाजवळ कुरूप काढणारा एक माणूस पेटी घेऊन बसायचा, त्याला तिनं येत्या गुरुवारी घरी बोलावलं. वस्तऱ्यानं गाठ काढायची, तीन आठवड्यांत जखम भरेल, चौथ्या आठवड्यात मुलगी झकास चालेल, असा हिशेब. मी नाही म्हणाले, रडले, डॉक्टरांचं नाव घेतलं. वडील म्हणाले, "तुझ्या आईला कळतं," आणि कचेरीत गेले. ते असं म्हणाले की विषय संपत असे.

मास्तर मात्र आमच्या दाराशी आले. "वहिनी, हाडावर वस्तरा चालवाल तर पोरीचा पाय जाईल."

"मुलगी आमची आहे, मास्तर. तुमचं घर आहे, भाडं वेळेवर देतो," आई म्हणाली. भूमितीत याला गृहीतक म्हणतात. ते परत गेले.

त्या काळी मुलीची चौकशी तिच्या घरमालकाकडे करायची रीत होती. भाडेकरूच्या घरात कोण मोठ्यानं बोलतं आणि दूध किती येतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्याप्रमाणे आत्याबाईंचं कार्ड मास्तरांना आलेलं होतं. मुलगी रूपानं व स्वभावानं कशी आहे ते कळवावे, काही व्यंग असल्यास लपवू नये. मास्तरांनी विचार केला तो असा, की गाठ कापायची ती मुलाकडच्यांपासून लपवायला. त्यांना आधीच कळवलं तर लपवायचं कारण उरत नाही, म्हणून कापायचंही कारण उरत नाही. सिद्ध झालं. त्यांनी सोमवारी उत्तर टाकलं आणि आम्हांला त्याचा पत्ता लागू दिला नाही.

बुधवारी दुपारी फाटक वाजलं. नऊवारी लुगड्यातल्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या एक उंच बाई एकट्याच आत आल्या, पायरी चढताना क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मी मुलुंडची. मुलाची आत्या. मुलगी जिवंत आहे ना?"

आईच्या हातातली परात खाली पडली. मी लंगडत पुढे आले. आत्याबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग आईला पाहिलं, मग सतरंजीवर बसून पाय लुगड्याखाली घेतले आणि पिशवीतून कार्ड काढलं. "दादरला गाडी बदलून आलेय मी, या उन्हात. आमच्या घरी हे तीनदा वाचलं. भाचा म्हणाला पोलिसांत द्या. मी म्हटलं, थांबा रे, आधी मी बघून येते." आणि त्या वाचू लागल्या.

"'साष्टांग नमस्कार विनंती विशेष. आपले कार्ड पावले. मुलीच्या उजव्या पायास गाठ आहे. तिला सगळे कुरूप म्हणतात, ते साफ चूक आहे. तिला दाबू नये, दाबल्यास ती लाल होते व भडकते. अरुंद जागेत तिला ठेवू नये. वयाबरोबर ती वाढत जाईल, परंतु मोकळीक दिल्यास फारसा त्रास देणार नाही. रोज वीस मिनिटे मिठाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवावी. मुलीची आई येत्या गुरुवारी तिला कापून टाकणार आहे, ते कृपया थांबवावे. कळावे.'"

आई भिंतीला टेकली. "कापून टाकणार? मी? माझ्या पोटच्या पोरीला?"

मास्तर पडवीत होतेच. ते दारात आले, आणि अपराधी वगैरे मुळीच दिसत नव्हते. "यात चुकलंय काय? 'तिला' हे सर्वनाम गाठीचं आहे. गाठ स्त्रीलिंगी. सर्वनाम नेहमी जवळच्या नामाचं घ्यायचं."

"मास्तर," आत्याबाई म्हणाल्या, "मुलगीही स्त्रीलिंगीच असते."

"पण ती दूर होती! मधे पाय आहे!"

मला त्या क्षणी मास्तरांचा गळा धरावासा वाटत होता. फोटोतला तो मुलगा हे कार्ड वाचतोय, मला मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचं की काय याचा विचार करतोय, हे डोळ्यांपुढे येऊन मला रडू आलं. आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या. "इकडे ये गं," त्या म्हणाल्या. मला वाटलं, आता चालून दाखवायला लावणार. "पाय दाखव."

मी पाय पुढे केला. फोड, भाजलेली कातडी आणि खालचं हाड त्यांनी पाहिलं. बोट न लावता बराच वेळ पाहिलं.

"हे काढणार होतात?"

"कुरूपच आहे हो," आई काकुळतीनं म्हणाली. "काढलं की साफ चालेल ती. तुम्हांला फसवायचं नव्हतं—"

आत्याबाईंनी लुगड्याचा काठ थोडा वर घेतला आणि आपला उजवा पाय सतरंजीवर ठेवला. अंगठ्याच्या मुळाशी खड्डा होता, त्यावर काळपट, ओढलेली कातडी, आणि अंगठा शेजारच्या बोटाखाली पूर्ण आडवा गेलेला. "माझ्याही आईनं काढून घेतलं. लग्नाआधीच. साफ चालावं म्हणून," त्या म्हणाल्या. "पू झाला. सहा महिने अंथरुणात. नंतर परत एकदा काढलं. तेव्हापासून अशी आहे."

मास्तर पाट घेऊन आले, खाली बसले आणि म्हणाले, "ठेवता?" पण नेहमीच्या आवाजात नाही. आत्याबाईंनी पाय पाटावर ठेवला. मास्तरांनी कोनमापक लावला, डोळे बारीक करून पाहिलं, आणि काढून घेतला. आकडा सांगितला नाही. मी त्यांना आकडा गिळताना पाहिलं ते आयुष्यात तेवढंच. मग कापसाची एक गुंडाळी करून त्यांनी ती फार हळू त्या दोन बोटांमध्ये सरकवली.

आत्याबाईंनी डोळे मिटले. "बरं वाटतंय," त्या म्हणाल्या, आणि कुणी न विचारता, "तीस वर्षांत पहिल्यांदा."

चहा झाला. निघताना त्यांनी आईचा हात धरला. "वहिनी, कापायचं नाही. शब्द द्या."

आईनं मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिला त्या खड्ड्याच्या जागी माझा पाय दिसला असणार, एरवी ती परक्यासमोर रडणारी नव्हे. तरी आईच ती. तिनं विचारलंच, "आणि स्थळाचं?"

"नाही म्हणून कळवते."

"का हो? मुलगी आवडली नाही?"

"आवडली म्हणून तर." त्या पडवीच्या पायरीवर थांबल्या. "विधवा होऊन मी भावाच्या घरी आले ती त्या स्वयंपाकघरात उभीच आहे. सोळा माणसं. विहीर खाली, चूल वर. बायकांनी बसायची आमच्यात पद्धत नाही. भाचा चांगला आहे माझा, पण तो दिवसभर कचेरीत. आमच्या घराला सून नकोय, पाय हवेत. त्या तीन मुलींनाही मी चालायला लावलं ते त्याचसाठी. ज्यांचा पाय दुखतो त्यांना तिथे येऊ देत नाही."

"घरी कारण काय सांगाल?" आईनं विचारलं.

"सांगेन, मुलगी कुरूप आहे. आमच्याकडे तेवढंच पटतं."

"कुरूप नाही!" मास्तर मागून ओरडले. "शंभरदा सांगितलं, कुरूप वेगळं—"

"तुम्ही गप्प बसा!" आई आणि आत्याबाई एकदमच म्हणाल्या.

माझं ठरत आलेलं लग्न मोडलं होतं, मुलुंडच्या एका दुमजली घरात मी त्या संध्याकाळपासून कुरूप ठरणार होते, आणि मला इतकं हलकं वाटत होतं की लाज वाटली. मी पुढे होऊन आत्याबाईंच्या पाया पडले. वाकले तेव्हा तो उजवा पाय लुगड्याच्या काठाबाहेर होता. त्यांनी तो आत ओढून घेतला नाही.